मुक्कामी गाडी बंद झाली तो हंगाम

दिवाळीच्या पणत्या धुऊन फडताळात गेल्या की आमच्याकडं एखाद्या सकाळी वाऱ्यावर मळीचा वास येतो. बाहेरगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि विचारतो, कुठं काय कुजलंय? आम्हाला कळतं, कारखान्याचा बॉयलर पेटला. मग दोन-चार दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टर दिसायला लागतात. मागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, टपावर बांधलेले कर्णे आणि त्यातून फाटक्या आवाजात वाजणारी गाणी. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पाचटाची काळी राख येऊन बसते. झटकली तर डाग पडतो, म्हणून हलकेच फुंकायची असते. हे मला कुणी शिकवलं नाही. ऊसपट्ट्यात वाढलेल्या कुठल्याही मुलीला ते येतं.

यंदाही तो वास आला. आता मी श्रीगोंद्यात खोली घेऊन राहते, एका पतसंस्थेत कामाला आहे. सकाळी चालत निघाले होते, एवढ्यात शेजारून भरलेल्या ट्रॉल्या गेल्या आणि धुरळा उडायच्या आधीच माझा हात ओढणीकडं गेला. नाक-तोंड झाकून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ट्रॉल्या गेल्या, धुरळा बसला, तरी मी तशीच उभी होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचा तो हंगाम सगळाच्या सगळा डोळ्यांपुढं आला होता.

आमचं गाव मोठ्या रस्त्यापासून पाच किलोमीटर आत आहे. फाट्यावर उतरायचं आणि दोन्ही बाजूंच्या उसातून आत यायचं. गावाला एकच एसटी होती, मुक्कामी. दिवेलागणीनंतर ती धापा टाकत यायची, मारुतीच्या देवळापुढं उभी राहायची आणि ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या व्हरांड्यात अंथरूण टाकायचे. एखाद्या घरून त्यांना भाकरी-कालवण जायचं. उजाडता उजाडता ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा. पहिल्या हॉर्नला आम्ही वेणीत असायचो, दुसऱ्याला दारात.

थंडीत त्या गाडीच्या काचा आतून घामेजलेल्या असायच्या. सीटचं रेक्झिन इतकं गार की बसताना अंग चोरायला व्हायचं. कुणाच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास, कुणाच्या केसांना लावलेल्या तेलाचा, आणि सगळ्यांवर डिझेलचा. कॉलेजला जाणाऱ्या आम्ही अकरा मुली होतो. मागची लांब सीट आमची. काचेवर बोटानं कुणी नाव काढायचं, कुणी गणित मांडायचं, आणि फाटा येईपर्यंत ते वितळून खाली ओघळायचं.

ऋतुजा आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. मी अश्विनी, पण तिच्या तोंडी कायम "अशे". तिच्या घरी भरपूर ऊस, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर. तिला फौजदार व्हायचं होतं. झालं असं, की आम्ही नववीत असताना गावच्या जत्रेत दारू पिऊन तीन जणांनी तमाशाच्या तंबूपाशी धिंगाणा घातला. बंदोबस्ताला आलेल्या एक फौजदार बाई शांतपणे चालत गेल्या आणि नुसतं म्हणाल्या, "खाली बस." तिघंही मातीत बसले. ऋतुजा हे पाहून घरी आली ती वेगळीच होऊन. पुढं गाडीत कुणी फार दंगा केला की ती मागच्या सीटवरून आवाज बारीक आणि घट्ट करून म्हणायची, "खाली बस." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. तिचे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, त्यांनी तिला पळायचे बूट आणून दिले होते. संध्याकाळी ती उसाच्या बांधानं पळायची आणि नाना मोटार चालू करायला जाता जाता तिच्याकडं बघत उभे राहायचे.

आमच्यातली तिसरी कोमल. तिचे वडील गवंडीकाम करायचे, आई रोजानं शेतात जायची. कोमलनं अकरावीत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा पाहिला आणि ती त्या काचेच्या नळीत जी अडकली ती अडकलीच. "मला पांढरा कोट घालायचाय," ती म्हणायची, "पन डॉक्टरचा न्हाई. लॅबमधल्या बाईचा." मला सीए व्हायचं होतं. सीए म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच माहीत होतं. पण गाडीत बसलं की सगळं होण्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. मराठीच्या सरांनी विषयांचा कागद फळ्याशेजारी चिकटवला होता. बेरोजगारी, हुंडा, व्यसनाधीनता, स्त्रीशिक्षण. आम्ही ते विषय गाडीत घोळवायचो. ओढ्यावरची मोरी ओलांडली की हुंडाबंदी सुरू व्हायची आणि फाटा येईस्तोवर बेरोजगारी संपलेली असायची. समस्या हा शब्द उच्चारताना आम्ही हात हलवायचो, आवाज चढवायचो. तो शब्द आम्हाला कायम दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला वाटायचा. ऋतुजानं स्त्रीशिक्षण घेतलं होतं. तिची सुरुवात मला पाठ झाली होती, इतक्यांदा तिनं ती माझ्यावर आजमावली.

मार्गशीर्षात मोरी खचली.

ओढ्यावरची ती साधी मोरी, खाली सिमेंटच्या नळ्या, वर मुरूम. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, ऊस जोमात होता आणि सगळ्या गावाला एकदम तोडी आल्या होत्या. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्या, ओढ्याकाठी त्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. दिवसरात्र भरलेल्या ट्रॉल्या मोरीवरून जात होत्या. आधी खड्डा पडला, मग चाकोऱ्या पडल्या, मग एक नळी फुटून आत बसली. एका सकाळी आमच्या गाडीचं मागचं चाक त्यात गेलं. आम्ही सगळे उतरलो, पोरांनी मागून रेटा दिला, चाक फिरून फिरून चिखल आमच्या अंगावर उडाला. गाडी निघाली. पण ड्रायव्हरकाका खाली उतरून मोरीकडं बघत राहिले. "पोरींनो," ते म्हणाले, "ट्रॅक्टर जाईल हितनं. एसटी आता काय जात न्हाई."

आम्ही हसण्यावारी नेलं. त्या संध्याकाळी गाडी फाट्यावरूनच परत गेली आणि आम्ही चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी तरीही सगळ्या जणी देवळापुढं जाऊन उभ्या राहिलो. सवयच ती. कुणी सांगितलंच नव्हतं ना, गाडी बंद झाली म्हणून. ऊन देवळाच्या कळसावर आलं. देवळात पूजेला आलेले पुजारी आमच्याकडं बघून मान हलवत निघून गेले. मग ऋतुजानं बॅग पाठीवर घट्ट ओढली आणि म्हणाली, "चला. पायांना काय झालंय?"

पहिले आठ-दहा दिवस सहल होती. दवानं सलवारीच्या कडा ओल्या व्हायच्या, चपलेत माती शिरायची. ट्रॉलीतून गळून पडलेले ऊस उचलून आम्ही दातांनी सोलत जायचो. टोळीतल्या बायका डोक्यावर वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन समोरून यायच्या, त्यांच्या मागं शाळेच्या वयाची पोरं. आमच्याच वयाची एक होती, कडेवर मूल. ती आमच्या बॅगांकडं बघायची आणि आम्ही तिच्या मुलाकडं. एकदा कोमलनं तिला विचारलं, "कितवीपर्यंत शिकलीस?" ती म्हणाली, "सातवी. हुशार व्हते मी." आणि झपझप पुढं गेली.

पण येताना अंधार पडायचा. थंडीचे दिवस, प्रॅक्टिकल संपून फाट्यावर उतरेपर्यंत सूर्य बुडालेला असायचा आणि पुढं पाच किलोमीटर डोक्याएवढा ऊस. वाऱ्यानं पाती एकमेकांवर घासायची, तो आवाज चालणाऱ्याच्या पाठीमागून येतो असं वाटतं. आम्ही मोठमोठ्यानं गाणी म्हणत, एकमेकींचे हात धरून चालायचो.

मग बिबट्या आला. म्हणजे आला असं सगळे म्हणाले. ऊस तोडायला लागलं की बिबट्याला लपायला जागा राहत नाही, तो एका फडातून दुसऱ्या फडात जातो, हे खरंच आहे. शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली हेही खरं. पण आमच्या रस्त्यावर त्याला कुणी पाहिलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कुणाच्या चुलत्यानं, कुणाच्या दाजींनी. मोबाईलवर एक फोटो फिरला, तो कुठला होता देव जाणे. आठवडाभरात आम्ही अकराच्या सहा झालो. ज्या घरांना मुलींना घरी बसवायला नुसतं निमित्त हवं होतं, त्यांना ते मिळालं. ज्यांना खरीच भीती वाटत होती, त्यांनाही मिळालं. दोन्हींत फरक करता येत नव्हता, कारण दोन्ही घरांतल्या आया सारखंच रडत सांगत होत्या.

पोरं मात्र मोटरसायकलींवरून जात राहिली. ऋतुजा एकदा चिडून म्हणाली, "बिबट्याला मोटरसायकलचं वावडं हाय का गं?"

आम्ही तिघी आगारात गेलो. तिथले साहेब भले होते. खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं. "तुमचं काम करायला मला आवडंल," ते म्हणाले, "पण गाडी मोरीत पलटली तर? रस्ता नीट करून आणा, त्याच दिवशी गाडी सोडतो." बाहेर आल्यावर कोमल म्हणाली, "म्हंजे रस्त्याचंच हाय सगळं." ऋतुजाचे डोळे चमकले. कॉलेजच्या सहलीत आम्ही हिवरे बाजारला गेलो होतो. तिथं ग्रामसभेत गावानं काय काय ठरवलं आणि पाळलं, ते आम्हाला हिंडून दाखवलं होतं. येताना गाडीत ऋतुजानं ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. आता ती म्हणाली, "सव्वीस जानेवारीला आपल्याकडंबी ग्रामसभा असती ना? मी बोलनार."

झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली आणि शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. पुढं पुरुष, मागं भिंतीला टेकून थोड्या बाया. सरपंचबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांचे मालक बोलत होते. पाण्याच्या टाकीचं झालं, स्मशानभूमीच्या शेडचं झालं. मग ऋतुजा उठली. तिनं पांढरा कुडता घातला होता, केस घट्ट बांधले होते. तिनं स्त्रीशिक्षणावरचं भाषण केलं असतं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. ती घरच्या बोलीत बोलली.

"आमची गाडी बंद झालीय. आमी अकरा जनी जात हुतो, आता सहा जातो. परीक्षा जवळ आलीय. आगारातले सायेब म्हनले, मोरी करा, गाडी देतो. मोरीला लई काय लागत न्हाई. दोन नळ्या आन् मुरूम. फकस्त दोन दिवस ट्रॉल्या थांबवा."

दोन दिवस ट्रॉल्या थांबवायच्या म्हणजे तोडलेला ऊस फडात वाळत ठेवायचा, टोळी बसवून ठेवायची, आणि टोळी एकदा दुसऱ्या गावाला गेली की परत कधी येईल ते कुणी सांगावं. हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हालाही. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझ्या बापाचाच ऊस तोडून पडलाय कालपासनं. त्याला इचार की आधी!"

लोक हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. ऋतुजा वळली. नाना दुसऱ्या रांगेत बसले होते.

"नाना," ती म्हणाली, "दोनच दिवस."

नानांच्या हातात गवताची काडी होती. ते मातीत रेघा ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बस बेटा खाली," ते हळूच म्हणाले. "हंगाम उरकू दे."

ऋतुजा बसली.

मी नानांना वाईट म्हणत नाही. त्या दिवशी पटांगणात जे बसले होते त्यांतला प्रत्येक जण नानाच होता. माझे वडीलही तिथंच होते आणि आमचाही ऊस तोडायचा होता. रस्ता आम्हा सगळ्यांच्या उसानंच मोडला होता आणि त्याच उसावर आमच्या फिया भरल्या जात होत्या. कुणावर चिडायचं हे कळत नव्हतं, म्हणूनच बहुधा आम्ही कुणावर चिडलो नाही. पुढं कॉलेजात मी सामाजिक समस्यांवर पुष्कळ वाचलं, ऐकलं. त्यांत अन्याय करणारा एक असतो आणि सोसणारा दुसरा असतो. आमच्या पटांगणात ते दोघं एकाच सतरंजीवर बसले होते आणि एकमेकांवर त्यांची मायाही होती.

माझं कॉलेज सुरू राहिलं ते दादामुळं. माझा भाऊ सकाळी मोटरसायकलवरून दुधाचे कॅन फाट्यावरच्या डेअरीत घालायचा. दोन्ही बाजूंना कॅन, मधे मी, पाय वर घेऊन. संध्याकाळी फाट्यावर घ्यायलाही तोच यायचा. ऋतुजालाही घेऊन जा, म्हणून मी त्याच्या मागं लागले. तो बिचारा तयार झाला. आम्ही दोघी एकमेकींना चिकटून बसायचो, कॅनमधलं दूध खड्ड्यात डचमळायचं आणि थोडं थोडं आमच्या पायांवर सांडायचं. तीन-चार दिवस गेलो असू. मग देवळाच्या पारावर कुणीतरी म्हणालं, नानांची पोरगी त्या दूधवाल्या पोराच्या गाडीवर दिसती हल्ली. एवढंच वाक्य. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ऋतुजाच्या दारापुढं थांबलो तर तिची आई बाहेर आली. माझ्याकडं न बघता दादाला म्हणाली, "तुमी जावा. ती न्हाई येनार."

कोमल रोज जात राहिली. तिची आई, शांतामावशी, हातात काठी आणि बॅटरी घेऊन पहाटे तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत यायची, तिथून मागं फिरून कामावर जायची आणि संध्याकाळी पुन्हा फाट्यावर येऊन बसायची. मी एकदा म्हणाले, "मावशी, किती चालता तुम्ही." ती फाट्यावरच्या दगडावर बसून पायातला काटा काढत होती. "माझ्या आजेसासऱ्यानं धम्म घेतला," ती म्हणाली, "तवा घरी येऊन पयलं सांगितलं, पोरं शाळंत घाला. त्यो सोता सही करत नव्हता. आन् मी पाच किलोमीटरला मागं सरू व्हय?" काटा निघाला. तिनं तो बघून फेकून दिला. हे ती अभिमानानं म्हणत होती असंही नाही. दमलेली होती, एवढंच.

फेब्रुवारीत ऋतुजाच्या आत्यानं स्थळ आणलं. मुलगा पुण्याच्या बाजूला कंपनीत होता. त्याचे वडील आणि नाना काष्टीच्या बाजारात भेटले, चहा झाला, आणि पुढच्या आठवड्यात मंडळी बघायलाही आली. मला कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेले. ती गोठ्यात गाईंपुढं वाढं टाकत होती. हाताला, मनगटाला पात्यांनी ओरखडे उठले होते.

"काय विचारलं त्यांनी?" मी म्हणाले.

"शिकायचंय का, म्हनले. मी व्हय म्हनले. त्यांची आई म्हनली, शिकव की आमी. आमाला शिकलेलीच सून पायजे."

"मग तू नाही म्हण ना. परीक्षा होऊ दे म्हण."

तिनं उरलेलं वाढं टाकलं, हात झटकले. "चांगली मानसं हायेत गं, अशे," ती म्हणाली. "वाईट असती तर मला न्हाई म्हनता आलं असतं."

वक्तृत्व स्पर्धा झाली. स्त्रीशिक्षणावर दुसऱ्याच एका मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. ती छान बोलली. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि ओठांनी ऋतुजाची सुरुवात पुटपुटत होते.

लग्न चैत्रात, हंगाम संपता संपता. दारापुढं मांडव, डीजे, मोठं जेवण. मी तिच्या हातांवर मेंदी काढली. ती मला अर्थशास्त्राच्या पेपरबद्दल काहीतरी विचारत होती, मग मधेच थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे." अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मी हात धुवायला मागं गेले तर नाना पाण्याच्या टाकीपाशी एकटेच उभे होते. डोक्याला फेटा, अंगावर नवा शर्ट, त्याच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या.

"अश्विनी," ते म्हणाले, "पेपर कवा हायेत गं तुमचे?"

"परवापासून, नाना."

ते माझ्याकडं वळले. "परवा?"

"हो."

"मला वाटलं मे महिन्यात." त्यांनी फेटा काढून हातात घेतला. "मला कुनी सांगितलंच न्हाई."

ऋतुजानं आईला सांगितलं होतं. आईनं आत्याला सांगितलं होतं. आत्या म्हणाली होती, तारीख एवढीच चांगली आहे, पेपर काय, पुढच्या वर्षीही देता येतात. नानांपर्यंत ते पोचलंच नाही. किंवा त्यांनी कुणाला विचारलं नाही. मांडवातून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला, तो तिरका बसला, आणि तसेच ते पाहुण्यांना निरोप द्यायला गेले.

दुसऱ्याच दिवशी शेवटची ट्रॉली गेली. कोप्या उठल्या, ओढ्याकाठी चुलींचे काळे दगड राहिले. एक जेसीबी आला. दोन नळ्या टाकल्या, वर मुरूम दाबला. दुपारच्या जेवणाआधी मोरी झाली. संध्याकाळी देवळापुढं मुक्कामी गाडी उभी होती.

पहिल्या पेपरला कोमल आणि मी त्याच गाडीनं गेलो. हॉर्न दोनदा वाजला. मागच्या लांब सीटवर आम्ही दोघीच. कंडक्टरकाका हसत आले, पास बघायलाही मागितले नाहीत. "झाला का रस्ता एकदाचा? बाकीच्या पोरी कुठं हायेत?" आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. रिकाम्या फडांत नांगरट सुरू झाली होती, बगळे उतरले होते. काका पुढं जाऊन आपल्या जागेवर बसले.

या गोष्टीला आता कितीतरी हंगाम झाले. मोरीच्या जागी पूल आहे, रस्ता काँक्रीटचा झालाय. एसटीचा मुक्काम पुढं कायमचा बंद झाला, सकाळी एक फेरी येते. पण गावातल्या काही मुलींकडं आता स्कूटी आहेत. तोंडाला स्कार्फ बांधून त्या पुलावरून भुर्रकन जातात. त्यांना बघून मला बरं वाटतं आणि त्याच वेळी मी उगाच त्या किती आहेत ते मोजत राहते.

कोमल एमएस्सी झाली. नगरला एका खासगी लॅबमध्ये पांढरा कोट घालून दिवसभर रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. सरकारी जागांची जाहिरात निघायची वाट बघते. निघते, अर्ज भरते, परीक्षा पुढं ढकलली जाते. शांतामावशीचे गुडघे गेले. मी सीए झाले नाही. पहिली परीक्षा दोनदा दिली, मग कळलं की शहरात क्लास लावलेल्या पोरांबरोबर आपण धावू शकत नाही. गावात आमच्या दोघींचं उदाहरण देतात. पोरी शिकल्या, मार्गाला लागल्या, असं म्हणतात. आम्ही एकमेकींना फोन करतो तेव्हा यावर हसतो. बाकी आठ जणींतल्या एकीनं नंतर बाहेरून पदवी पूर्ण केली. उरलेल्या आपापल्या घरी आहेत.

ऋतुजाच्या सासरची माणसं खरंच चांगली निघाली. त्यांनी पहिल्या वर्षी तिचा फॉर्म भरला होता. मग तिला दिवस गेले. मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागायला लागलं. नवऱ्याच्या कंपनीत पाळ्या. दोन खोल्यांत माणसं पाच. कुणी तिला नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला कुणाला वेळच झाला नाही.

यंदा संक्रांतीला ती माहेरी आली होती. मी सुट्टी काढून भेटायला गेले. गच्चीवर चटई टाकून ती हरभऱ्याचे डहाळे सोलत बसली होती. ऊन कोवळं होतं, सगळीकडं उसाचे रिकामे झालेले चौकोन दिसत होते. तिची मुलगी आर्वी खाली अंगणात खेळत होती. नाना आता फार चालत नाहीत, पायरीवर बसून तिच्यावर लक्ष ठेवतात. मी बसले, तिळगूळ दिला-घेतला. मग दरवेळेसारखं मी विचारलं, "यंदा फॉर्म भरलास का?"

तिनं दाणे वाटीत टाकले. हिरवे झालेले अंगठे गाऊनला पुसले.

"अशे, एक सांगू? राग मानू नको."

"बोल की."

"तू येतीस आन् पयलं हेच विचारतीस. कोमलचा फोन आला की ती हेच. नाना तर दर सनाला विचारत्यात, आन् विचारून झालं की रडत्यात. मग मलाच त्यांना समजवावं लागतं." ती भांडत नव्हती, आवाज अगदी साधा होता. "तुमाला समद्यांना ती गाडीतली ऋतुजा पायजे असती. तिला भेटायला येता तुमी. मी हितं बसलीय गं. मला कधीतरी नुसतं इचार, कशी हायेस म्हनून."

रस्त्यावरून ट्रॉल्या गेल्या, त्यांच्या गाण्यानं बोलणं बुडवलं. आवाज पुलापलीकडं गेल्यावर मी विचारलं, "कशी हायेस, ऋतू?"

तिनं डहाळ्यावरचा एक घाटा तोडला. उघडला तर आत दाणा धरलेला नव्हता.

"दमले गं," ती म्हणाली.

तिनं डहाळे बाजूला सारले आणि चटईवर आडवी होऊन माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. खाली आर्वी कुणाशी तरी भांडत होती, नाना तिला पायरीवरून हाका मारत होते. कुणीतरी उठून खाली जायला हवं होतं. आम्ही दोघीही उठलो नाही.